केरेतारोत नवीन आलात? आधी जुनं शहर पायाखाली घाला

मेक्सिकोत केरेतारोला बदली झाली की आपली बरीच मंडळी हुरिकियाकडे घर घेतात आणि सुट्टीचे दिवस मॉलमध्ये काढतात. घर कुठेही घ्या, पण सुरुवातीचे रविवार ‘सेंत्रो’साठी, म्हणजे जुन्या शहरासाठी राखून ठेवा.

प्लाझा दे आर्मासपासून निघा. कारंज्यावर पुतळा आहे तो शहरात पाणी आणणाऱ्या मार्केसचा, म्हणजे स्पॅनिश काळातल्या एका उमरावाचा. त्याचा 74 कमानींचा जलसेतू बघायचा तर सांता क्रूझ मठाच्या मागच्या बाजूला जा, तिथून तो सबंध दिसतो. प्लाझाला लागूनच कोरेहिदोराचा, म्हणजे स्पॅनिश अंमलातल्या शहर-प्रशासकाच्या बायकोचा, होसेफा ओर्तिसचा वाडा आहे. आता तिथे राज्य सरकार बसतं. 1810 मध्ये स्पेनविरुद्धचा कट फुटला, तेव्हा कटात सामील असलेल्या होसेफाला नवऱ्याने घरात कोंडलं, तरी तिने आतून साथीदारांना निरोप पोचवलाच. ही गोष्ट माहीत असेल तर ऑफिसात गप्पा लवकर जमतात.

चर्च पुष्कळ आहेत, सगळी बघायच्या फंदात पडू नका. सांता क्लारा चुकवू नका: बाहेरून साधं, आत भिंतीभर सोनेरी कोरीवकाम. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा, फोन खिशात. सांता रोसा दे वितेर्बो मात्र बाहेरूनच बघण्याजोगं.

पाहुण्यांना मी कला संग्रहालयात नेतो. जुन्या ऑगस्टिनियन मठाच्या चौकात दगडी आकृत्या बोटांनी खुणा करत उभ्या आहेत. त्या ‘आवे मारिया’ ही मेरीची प्रार्थना म्हणताहेत, असं इथले लोक सांगतात. चित्रांपेक्षा मला त्याच आवडतात.

सेर्रो दे लास काम्पानास ही टेकडी थोडी लांब आहे. 19 जून 1867 ला मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियनला तिथे गोळ्या घातल्या. त्याच्या नावाने चिमुकलं चॅपल, आणि वर त्याला हरवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष हुआरेसचा अवाढव्य पुतळा. कोण जिंकलं ते विचारावं लागत नाही! मॅक्सिमिलियनचा खटला ज्या नाट्यगृहात चालला, तिथेच मेक्सिकोची 1917 ची राज्यघटना संमत झाली.

संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सान फ्रान्सिस्को चर्चजवळच्या प्रादेशिक संग्रहालयात रहिवासी कार्ड दाखवलं की रविवारी तिकीट लागत नाही, तेव्हा कार्ड हातात आल्यावरच तिकडे वळा. शहर साधारण 1,800 मीटर उंचीवर आहे, दुपारचं ऊन चटकतं, टोपी घ्या. भूक लागली तर चीज भरलेल्या गोर्दिता, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, खा. शाकाहारी असाल तर आधी ‘येवा मान्तेका?’ (चरबी घातली आहे का?) विचारा, कारण पिठात डुकराची चरबी असू शकते.