‘मला वाटलं तू बघितलंस’: कॅरिबियन क्रूझला जाणाऱ्या जोडप्यांनो, या चुका टाळा

कोझुमेलच्या बाजारात नवरा व्हॅनिलाच्या बाटलीवरून घासाघीस करत होता. त्याच्या फोनमध्ये वाजले होते तीन वीस. माझ्या मनगटावरच्या घड्याळात चार वीस. जहाजावर परतायची शेवटची वेळ साडेचारची.

‘अरे, चल ना!’ मी दोनदा म्हटलं. ‘अजून तासभर आहे,’ म्हणून तो दुकानदाराकडे वळला. तिसऱ्यांदा मी नुसता हात पुढे करून घड्याळ दाखवलं, आणि बाटली काउंटरवरच राहिली. टॅक्सी, मग तो न संपणारा लांबलचक धक्का, उन्हात चपला हातात घेऊन पळणारे आम्ही, आणि वर बाल्कन्यांमधून टाळ्या पिटत व्हिडिओ काढणारे लोक. उशीर झालेल्या प्रवाशांची धावाधाव बघणं हा क्रूझवरचा फुकटातला करमणुकीचा कार्यक्रम असतो, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. पोचलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती आणि जहाज पाचला सुटणार होतं.

झालं होतं असं. कोझुमेल मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात येतं आणि २०१५ पासून ते राज्य वर्षभर एकाच वेळेवर चालतं. फ्लोरिडात मात्र उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे जातात. आम्ही गेलो जुलैत. जहाज मायामीची वेळ धरून होतं, आणि नवऱ्याच्या फोनने बेटावर पाय ठेवताच गुपचूप तिथली वेळ घेतली. जमैका आणि केमन बेटांवरही घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे तिथेही हाच घोळ होतो. म्हणून फोनमधली आपोआप वेळ बदलणारी सेटिंग बंद करा, किंवा सरळ एकाने काट्याचं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर लावा. जहाज कुठली वेळ पाळणार, हे रोज संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये दिलेलं असतं.

आणि जहाज सुटलंच तर? ते तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर थांबतात किंवा पुढच्या बंदराला पोचवायची सोय करतात. स्वतः टॅक्सी करून फिरलात तर पुढचं विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खिशातून. बाहेरच्या सहली स्वस्त आणि पुष्कळदा जास्त चांगल्या असतात, त्या जरूर घ्या. फक्त शेवटच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी धक्क्यावर परत या. बंदरातल्या एजंटचा नंबर त्या कागदावर छापलेला असतो, त्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. दोघांच्याही.

या ‘दोघांच्याही’वर जोर का, ते सांगते. दोन क्रूझ झाल्यावर आणि ओळखीतल्या पाच-सहा जोडप्यांचे किस्से ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय की क्रूझवरच्या बहुतेक चुका समुद्रात होतच नाहीत. त्या घरी, सोफ्यावर होतात, आणि प्रत्येक चुकीच्या मुळाशी एकच वाक्य असतं: ‘मला वाटलं तू बघितलंस.’

नाव एक, पासपोर्ट दुसरा

हे आपल्याकडचं खास. लग्नानंतर आपल्यात आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. काही घरांत तर मुलीचं पहिलं नावही. हनिमूनची क्रूझ नवरदेवाने उत्साहाने बायकोच्या नव्या नावाने बुक केलेली असते आणि पासपोर्ट असतो माहेरच्या नावाचा. तिकिटावर आणि पासपोर्टवर अक्षरन् अक्षर तेच नाव हवं. लग्नाचा दाखला सोबत असला तरी बंदरातल्या काउंटरवर त्यावर विसंबू नका. नाव नंतर सावकाश बदला, आधी फिरून या. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक आहे ना, तेही दोघांचं बघा.

व्हिसा: इथे चूक झाली तर धक्क्यावरूनच घरी

कॅरिबियनची बहुतेक जहाजं मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल, टॅम्पा किंवा गॅल्व्हस्टनहून सुटतात आणि तिथेच परत येतात. म्हणजे तुम्ही अमेरिकेतून बाहेर पडता आणि पुन्हा आत येता. भारतातून जाणाऱ्यांकडे अमेरिकेचा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवाच. शिवाय वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम वेगळे. मेक्सिकोला वैध अमेरिकन व्हिसा असला की भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही, पण यावरून बाकी बेटांचा अंदाज बांधू नका. आपल्या मार्गावरची बंदरं लिहून काढा आणि भारतीय पासपोर्टला त्या प्रत्येक ठिकाणी काय लागतं, ते कंपनीकडून लेखी मागवा. फोनवर ‘चालेल हो’ म्हणणारा माणूस धक्क्यावर नसतो.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींची चूक निराळी. पासपोर्टवरचा एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, स्टॅम्प संपलेला असला तरी कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन काही अटींवर परत येता येतं, हे अर्धवट ऐकलेलं असतं. कॅरिबियन बेटं या सवलतीत येत नाहीत. शेजारच्या बेटांपर्यंतची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना आहे, एच-१बी आणि त्यांच्या जोडीदारांच्या एच-४ला नाही. जोडप्यात तर हमखास एकाचा स्टॅम्प ताजा असतो आणि दुसऱ्याचा संपलेला. जहाजात चढूच दिलं नाही तर पैसेही परत मिळत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने तो आठवडा मायामीच्या किनाऱ्यावर जाणारी जहाजं बघत काढला. ते आता हसतात. तेव्हा हसत नव्हते.

त्याच दिवशीचं विमान

भारतातून येत असाल तर किमान एक दिवस आधी पोचा, दोन असले तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत न्यूयॉर्क किंवा शिकागोला विमान बदलायचं असेल तर बर्फ तुमच्या हनिमूनची वाट अडवू शकतो. परतीलाही तसंच: जहाज पहाटे लागलं म्हणून सकाळी नऊचं विमान घेऊ नका. उतरणं, इमिग्रेशन, बॅगा शोधणं यात सकाळ जाते. दुपारी बाराच्या पुढचं घ्या.

स्वस्त आहे म्हणून सप्टेंबर

अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सगळ्यात जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. भाडं तेव्हा पडतं ते उगीच नाही. म्हणून जाऊच नये असं मी म्हणणार नाही. जहाज वादळाला वळसा घालून जातं. मात्र ते तुमचं बेट गाळून जातं, आणि तिकिटाच्या करारात तो हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. सेंट थॉमसऐवजी कोझुमेल झालं तर वाईट वाटणार नसेल तरच या महिन्यांत जा. लग्नाचा वाढदिवस अमुकच बेटावर साजरा करायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा. मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांना सुट्टी लागते आणि जहाजाच्या पोहण्याच्या तलावाला गणपतीतल्या लालबागची कळा येते.

केबिन: चौरस फूट आणि डोक्यावरचा डिस्को

साधी आतली केबिन दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची. चाळीत वाढलेल्यांना नवल नाही, पण चाळीत गॅलरी तरी होती. आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवा मालवला की सकाळी दहाला मध्यरात्र. झोप छान लागते, मात्र सात दिवस दोघांना त्यात राहायचं असेल तर बाल्कनीला चार पैसे जास्त गेलेले परवडतात. भांडण झाल्यावर एकाला जायला जागा असते, हा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात लिहीत नाहीत.

बुकिंग करताना डेकचा नकाशा उघडाच. फक्त आपला मजला बघून भागत नाही, वरचा आणि खालचाही बघा. वर बुफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतील, खाली नाइट क्लब असेल तर रात्री दोनपर्यंत पलंग थरथरेल. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला धक्क्याला लागतानाची यंत्रांची घरघर ऐकू येते. बोट लागत असेल तर मधला भाग, खालचा मजला. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा पकडा. पलंग दोन वेगवेगळे ठेवू नका, जोडून द्या, हेही आधी सांगून ठेवा.

बोट लागण्यावर माझा उपाय आलेपाक. पण गोळी घ्यायचीच असेल तर पोटात ढवळायला लागायच्या आधी घ्या. नंतर घेतलेली गोळी तशीच बाहेर येते. कुठली आणि किती, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

एक पितो, एक पीत नाही

पैशाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं, की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर. सात दिवस, दोन माणसं, झाले ९८०. त्यावर १८ टक्के टिप धरली की ११५६ डॉलर. आणि बायको पिते लिंबू सरबत! काही ठिकाणी न पिणाऱ्याला सॉफ्ट ड्रिंकच्या स्वस्त पॅकेजवर भागवता येतं, पण ते वेबसाइटवर दिसत नाही, फोन करून मागावं लागतं. नाहीतर प्रत्येक पेयाचे सुटे पैसे देऊन प्या. नवरा रोज पाच-सहा पेग घेणार नसेल तर हिशोब सुट्याचाच बसतो, आणि घेणार असेल तर प्रश्न पॅकेजचा नाहीच.

टिपही भाड्यात धरलेली नसते. माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर खात्यात आपोआप चढतात, म्हणजे दोघांचे आठवड्याचे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी. बजेटमध्ये आधीच धरा. खात्याला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका. रोज काही रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, ते निघण्यापूर्वी तपासा. फोन जहाजावर चढताच फ्लाइट मोडवर. समुद्रात तो जहाजाचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क पकडतो आणि आईला केलेला एक व्हिडिओ कॉल जेवणापेक्षा महाग पडतो.

शाकाहारी, उदबत्ती आणि फौजी बर्म्युडा

पहिल्या क्रूझवर आम्ही तीन रात्री पास्ता आणि उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. चौथ्या रात्री वाढणाऱ्या मंडळींचा प्रमुख आला, तो निघाला मडगावचा. गोव्याची माणसं जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘ताई, पहिल्याच रात्री सांगायचं ना,’ म्हणाला, आणि पाचव्या रात्री ताटात डाळ-भात, छोले आणि गरम पोळी. बुकिंगच्या वेळी शाकाहारी किंवा जैन असं नोंदवा, आणि पहिल्या रात्री जेवायच्या हॉलमध्ये पुन्हा तोंडाने सांगा. उद्याचं आज सांगितलं की करून देतात. घरचे लाडू नेऊ नका, बंद पाकिटातला चिवडा चालतो; तोही बंदरावर उतरताना बॅगेत ठेवू नका. फळ तर अजिबात नाही.

केटल, इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती, सगळ्याला बंदी, कारण जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. केबिनमध्ये निरांजन लावून औक्षण करायचं मनात असेल तर सेलवरचा दिवा न्या. आणखी एक: लष्करी ठिपक्यांचे कपडे जमैका, बार्बाडोस, सेंट लुसिया अशा अनेक बेटांवर सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे. नवऱ्याची ती फौजी बर्म्युडा घरीच ठेवा. सनस्क्रीनचंही तसंच, यू.एस. व्हर्जिन आयलंड्समध्ये प्रवाळाला मारक ठरणाऱ्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटवर २०२० पासून बंदी आहे. पण लावा जरूर. जमैका साधारण आपल्या मुंबई-पुण्याच्याच अक्षांशावर, म्हणून ‘आपल्याला ऊन नवीन नाही’ असं नवरा म्हणाला, आणि पाठीवर दोन दिवस कोरफड चोळून घेत पालथा पडला.

बुफेला जाताना हात साबणानेच धुवा. नोरोव्हायरसने पोट बिघडतं आणि सॅनिटायझर त्याचं फारसं काही बिघडवत नाही. विमाही जहाजावरच्या दवाखान्यासकट आणि हेलिकॉप्टरने हलवण्यासकट घ्या. अमेरिकेतल्या नोकरीचा आरोग्य विमा समुद्रात पुष्कळदा चालत नाही.

बॅग

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकायच्या असतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळी येतात. औषधं, पासपोर्ट, पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. शेवटच्या रात्री उलटं: बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी थेट बंदरात मिळतात.

मी सगळं नीट भरलं, एकूण एक कपडा घडी करून, आणि अकराला बॅगा बाहेर सरकवल्या. सकाळी सहाला नवरा कपाट उघडून उभा. आत फक्त हँगर. ‘माझी पँट?’

‘मला वाटलं तू बाजूला काढून ठेवलीस.’

मायामीच्या इमिग्रेशनच्या रांगेत तो चौकड्यांच्या पायजम्यात उभा होता, वर फॉर्मल नाइटचा कोट.