‘बावलीत काय तरी हाय’ असं घरात कुणी म्हणालं तर

खेळणं आधी पोरांच्या नजरेआड करा, पण फेकू नका, आणि जाळू तर मुळीच नका. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत आजी एकदा ‘भाईर टाका ती बावली’ म्हणाली की बाहुली त्याच संध्याकाळी उकिरड्यावर नाहीतर नदीत जाते. कारण न कळताच वस्तू गेली तर भीती घरातच राहते आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या खेळण्यावर जाऊन बसते. शिवाय प्लास्टिकची मऊ बाहुली बहुधा पीव्हीसीची असते. ती जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो, डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. ‘बाहुली जाळल्यावर सगळ्यांचे डोळे चुरचुरले’ याचं कारण हा धूरच.

सेलवर चालणारी असेल तर सेल काढा, सुती कापडात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मोठ्यांच्या कपाटात ठेवा. मग एक वही घ्या. काय झालं, किती वाजता, खेळणं कुठं होतं, पाऊस होता का, लाईट गेली-आली होती का, शेजारच्या बोअरची मोटर चालू होती का, एवढंच लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा वहीच उत्तर देते. पोराला विचारताना ‘बाहुली तुला काय म्हणाली?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात गोष्ट तुम्हीच त्याच्या हातात देता. ‘काय झालं, सांग’ एवढं म्हणा आणि गप्प बसून ऐका. आजी-आजोबांनाही हसू नका. त्यांची भीती खरी असते, कारण शोधायचं असतं ते भीती वाटायला लावणाऱ्या गोष्टीचं.

रात्री आपोआप बोलणारी बाहुली

सगळ्यात जास्त तक्रारी याच. हाताशी बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर, कान साफ करायच्या कापूसकाड्या, मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थोडं पांढरं व्हिनेगर असू द्या.

जत्रेतल्या बाहुल्यांत बहुधा एजी १३ म्हणजेच एलआर ४४ जातीचे ३ बटण सेल असतात. नवा सेल १.५ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, तिन्ही मिळून सुमारे ४.६. एक सेल १.३च्या खाली आला असेल तर तो संपत आलेला समजा. नुसता सेल मोजून फसू नका. सेल डब्यात बसवून, बाहुलीचं बटण दाबून, आवाज चालू असताना मोजा, कारण भार आल्यावर दबणारा सेल एरवी चांगला दिसतो.

आतल्या हिरव्या पट्टीवर (सर्किट बोर्डवर) काळा डांबरासारखा ठिपका दिसतो. तीच आवाजाची चिप. बऱ्याच स्वस्त चिपांत वेळ मोजायला स्फटिक नसतो, साधी रोधकावर (रेझिस्टरवर) चालणारी मांडणी असते. व्होल्टेज उतरलं की तिची गती मंदावते, आणि लहान मुलीचं गाणं हळू, जाड, घोगरं होत जातं. ‘बाप्याच्या आवाजात कण्हते’ असं लोक म्हणतात ते हेच. सेल आणखी उतरला की चिप मधेच बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि सुरू होताना कित्येक चिपा पहिला आवाज आपोआप वाजवतात. थंडीत सेलची ताकद कमी पडते, म्हणून बेळगावच्या पौष-माघातल्या पहाटे हा प्रकार जास्त ऐकू येतो.

सेल नवे घालूनही आवाज आला तर दमटपणा बघा. पोटातल्या बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या आत कार्बनची काळी चकती. पोरांची लाळ, खाऊची साखर आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यातली ओल यांचा पातळ थर दोन संपर्कांमध्ये बसला की बटण न दाबताही दाबल्यासारखं होतं. कापूसकाडी अल्कोहोलात भिजवून चकती आणि पट्टी दोन्ही पुसा, २४ तास उघडं वाळवा, मगच सेल घाला. घाईनं लगेच जोडलं की पुन्हा तेच होतं आणि घरच्यांची खात्री पटते की धुतल्यावरही ‘ती’ गेली नाही.

काही खेळण्यांत हलण्याचा संवेदक असतो. नळीत एक बारीक स्प्रिंग, हादरा बसला की ती हलून संपर्क जोडते. हायवेलगतच्या घरात उसाचा भरलेला ट्रॅक्टर गेला तरी तेवढं पुरतं. ऐकलेलं परत बोलणारी खेळणी पालीच्या चुकचुकण्यालाही उत्तर देतात.

सेल काढल्यावर एखादं-दोन सेकंद आवाज राहिला तर तो कपॅसिटरमधल्या, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या भागातल्या, उरलेल्या विजेचा. त्याहून जास्त वेळ बोलली तर सेलचा दुसरा डबा शोधा, पाठीच्या चेनमागे कापसात लपलेला असतो. सेल नसताना तीन रात्री शांत गेल्या की वहीत तसं लिहा आणि आजीलाही वाचून दाखवा.

डब्यात पांढरी-हिरवट भुकटी असेल तर सेल पाझरलाय. हातमोजे घाला. अल्कलाइन सेल असेल तर व्हिनेगरच्या काडीनं, साधा झिंक-कार्बन असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, शेवटी अल्कोहोल. उलटं केलं तर गंज वाढतो.

बटण सेल पोरानं गिळला तर उलटी करवू नका, वाट बघू नका. घशात अडकलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळतो. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या, आधी एक्स-रे. पोर एक वर्षावरचं असेल, सेल बारा तासांच्या आत गिळला असेल आणि त्याला गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. भुताच्या बाहुलीपेक्षा उघड्या डब्याची बाहुली कितीतरी धोक्याची.

जागा बदलते, डोळे फिरवते, घाम येतो

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या म्युझियममध्ये २०१३ साली नेब-सेनू नावाची इजिप्तची छोटी मूर्ती बंद काचेत आपोआप वळताना कॅमेऱ्यात सापडली. जगभर शापाची चर्चा झाली. तपासात निघालं ते असं: मूर्तीचा तळ मधे किंचित फुगीर होता, आणि रस्त्यावरच्या वाहनांचे व माणसांच्या चालण्याचे हादरे तिला कणाकणानं फिरवत होते. तुमच्या शोकेसमध्येही हेच घडतं. मागच्या भिंतीला मिक्सर, वॉशिंग मशीन किंवा पिठाची गिरणी आहे का बघा. बाहुलीच्या पायाभोवती पेन्सिलनं रेघ मारा. फळी समतल आहे का ते गोटी ठेवून कळतं. रात्रभर मोबाइल चार्जरला लावून टाइम-लॅप्स (ठरावीक वेळानं काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ) घ्या. मग पायाखाली ३ मिलिमीटरचा रबराचा तुकडा ठेवा. बहुतेक बाहुल्या तिथंच थांबतात.

झोपवली की डोळे मिटणाऱ्या बाहुलीच्या डोळ्यामागे वजन असतं. धूळ नि गंजामुळे एक डोळा अडकतो, आणि खोलीत हादरा बसला की अवेळी उघडतो. बाहुलीला पालथं धरून डोळ्याच्या कोपऱ्यात शिवणयंत्राचं एकच थेंब तेल टाचणीच्या टोकानं सोडा, दहा-बारा वेळा हलवा, उरलेलं पुसा. दोन थेंब टाकले तर तेल गालावर पसरून कायमचा डाग पडतो. काचेचा डोळा तुमच्यामागे वळल्यासारखा वाटतो, कारण बुबुळ काचेच्या आत खोल असतं. त्याला उपाय नाही, तोंड भिंतीकडे करून ठेवा.

जुन्या पीव्हीसी बाहुलीचा चेहरा चिकट होतो, ‘रडते’ म्हणतात. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, उन्हाळ्यात आणि प्लास्टिकच्या पिशवीत जास्तच. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ कापड, पूर्ण वाळवणं आणि सुती कापडात ठेवणं. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा झिरपेल, ते धरून चला. कानाभोवतीचा हिरवा डाग हा तांब्याच्या कुड्यांचा गंज.

या खेळण्यांजवळ डांबरगोळ्या ठेवू नका. नॅप्थलीन काही प्लास्टिकं मऊ करतं आणि लहान मुलांना ते विष आहे.

आतून कुरतडण्याचा आवाज

गोकाकची किंवा आंबोली घाट उतरून सावंतवाडीहून आणलेली लाकडी खेळणी घरात दोन-दोन पिढ्या राहतात. रात्री सगळं निजल्यावर त्यांतून बारीक करकर ऐकू येते. खेळणं काळ्या कागदावर ठेवून दोन दिवस थांबा. पिठासारखी ताजी भुकटी आणि १-२ मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा आहे. रंग पोपडे धरत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून रंग फुगतो. रंग आधीच उडत असेल तर फ्रीजर नको. पिशवीत वेगळं ठेवून भुकटी वाढते का बघा. रंगवलेलं लाकूड पाण्यानं धुवायचं नाही, उन्हातही टाकायचं नाही. चिंध्या-भुसा भरलेल्या बाहुलीत उंदराची पिल्लं किंवा कसर निघते. तिची शिवण उसवून भरणी बदला.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते मात्र खरोखर वाईट. पोपडे निघणारं खेळणं तोंडात घालणाऱ्या पोराला देऊ नका, घासूही नका. नवं घेताना आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे.

दारात किंवा तिठ्यावर सापडलेली बाहुली

प्रत्येक बाहुली करणीची नसते. आपल्या भागात आषाढात कन्नड घरांतून मातीची गुळ्ळव्वा पूजतात. भाद्रपदात गणपतीनंतर जोकुमारस्वामीची मूर्ती टोपलीतून दारोदार फिरते. देवळात टांगलेले छोटे लाकडी पाळणे नवसाचे असतात, आणि नव्या बांधकामावरचं भेसूर तोंड म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लावलेली दृष्टी गोंबे. दुसऱ्याच्या पूजेची वस्तू असेल तर हात लावू नका, पोरांना उचलू देऊ नका.

तुमच्याच उंबऱ्यावर हळद-कुंकू, लिंबू, टाचण्या टोचलेली काळी बाहुली आली तर आधी फोटो काढा. चिमट्यानं उचला, गंजकी टाचणी लागली तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. टाचण्या जाड डब्यात बंद करा, लिंबू खतात, फरशी साबणानं धुवा, कारण स्वस्त शेंदरात शिसं असण्याची शक्यता असते. पुन्हा पुन्हा येत असेल तर तो कुणाचा तरी त्रास देण्याचा प्रकार आहे. पोलिसांना ११२ला फोन करा, फोटो दाखवा. ‘अमकीनंच केलं’ असं नाव मात्र कधीही घेऊ नका. त्या एका वाक्यानं बाईचं गावात राहणं अवघड होतं.

पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणणारा कर्नाटकातल्या हुक्केरीचा असो की महाराष्ट्रातल्या चंदगडचा, भूत उतरवायच्या नावानं मारहाण, चटके दोन्हीकडे गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, कर्नाटकात २०१७चा, जो जानेवारी २०२०पासून लागू झाला. आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली तर काढू द्या, त्यानं कुणाचं बिघडत नाही. दम्याच्या पोराजवळ मिरच्या तेवढ्या जाळू नका.

तरीही नकोच असेल तर

कारण सापडूनही मन घेत नसेल तर निरोप द्या, चोरून टाकू नका. जपानमध्ये जुन्या बाहुल्यांसाठी देवळांत ‘निंग्यो कुयो’ नावाचा आभाराचा विधी होतो. आपल्याकडे घरच्यांसमोर पुसून, कपडे घालून, पोराच्या हातानं खोक्यात ठेवली तरी तेच साधतं. सेल आणि पट्टी काढून ई-कचऱ्यात, उरलेलं सुक्या कचऱ्याच्या गाडीत. मलप्रभा, मार्कंडेय नदीत किंवा विहिरीत नाही. दुसऱ्याला द्यायची तर काय बिघडलं होतं नि काय दुरुस्त केलं ते सांगूनच द्या.

पोरं मोबाइलवर झपाटलेल्या बाहुल्यांचे व्हिडिओ बघत असतील तर त्यांना एवढं सांगा की सिनेमात चिनी मातीची दिसणारी अ‍ॅनाबेल मुळात रॅगेडी अ‍ॅन जातीची कापडी बाहुली आहे. भेसूर चेहरा सिनेमावाल्यांनी दिला.

खेळण्यात काहीच सापडलं नाही तर

जाग आली पण अंग हलत नाही, छातीवर बाहुली बसलीय असं वाटतं, हा झोपेचा लकवा. मेंदू जागा होतो, शरीर काही क्षण झोपेतच राहतं. सेल नसलेल्या खेळण्याचा आवाज घरातल्या एकाच मोठ्या माणसाला ऐकू येत असेल, किंवा पोर दोन आठवडे नीट झोपत-जेवत नसेल, पुन्हा अंथरूण ओलं करत असेल तर डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, धारवाडला डिम्हान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे.

आणि पोर म्हणालं की बाहुली रात्री हात लावते, दुखवते, ‘कुणाला सांगू नको’ म्हणते, तर बाहुली उघडत बसू नका. लहान मूल कधी कधी माणसाचं नाव घ्यायला घाबरतं आणि बाहुलीचं घेतं. रागावू नका, पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेऊ नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, त्या रात्रीपासून त्याला स्वतःजवळ झोपवा, त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा.