मेक्सिकोतली वसाहतकालीन गावं बघताय? या चुका टाळा

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे दिसेल त्याला ‘स्पॅनिश’ म्हणून मोकळं होणं. युकातानमधल्या इसामालचा पिवळाधमक मठ मूळच्या माया लोकांच्या देवळाच्या चौथऱ्यावर, तिथल्याच दगडांनी बांधलाय. पुएब्लाजवळच्या तोनान्त्सिन्त्लाच्या चर्चमध्ये फळाफुलांत गुरफटलेले देवदूत आहेत, तोंडवळा थेट तिथल्या गावकऱ्यांचा.

क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलमध्ये आमच्या गटातले वसईचे एक काका “असली चर्चं घरी रोज बघतो” म्हणत दारातूनच वळले आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे गेले. आतल्या भिंतींवर १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारलेल्या २६ ख्रिस्ती लोकांची चित्रकथा आहे. विसाव्या शतकात दुरुस्ती करताना ती चुन्याखाली सापडली. त्या २६ जणांत मेक्सिकोचा पहिला संत फेलिपे आहे आणि वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सियाही! काकांना हे बसमध्ये कळलं. बस काही मागे फिरली नाही.

म्हणून मी आत शिरल्यावर आधी बाकावर बसतो, भिंतींवरून सावकाश नजर फिरवतो. मोबाइल त्यानंतर. दहा मिनिटांत चर्च ‘करणाऱ्यांनी’ पोस्टकार्डं विकत घ्यावीत, स्वस्त पडतात.

दुसरं, गाइडच्या ‘तीनशे वर्षं जुनं’वर माना डोलावू नका. सान मिगेल दे आयेंदेच्या चर्चचा तो गुलाबी, टोकदार दर्शनी भाग सेफेरिनो गुतिएर्रेस या स्थानिक गवंड्याने १८८० च्या सुमारास उभारला. ग्वानाह्वातोचं ह्वारेस नाट्यगृह १९०३ चं. स्पेनची सत्ता १८२१ लाच संपली होती. वास्तू या सालाच्या अलीकडची की पलीकडची, एवढं विचारलं तरी निम्म्या थापा गळतात.

त्याच ग्वानाह्वातोत लोक ‘चुंबनाच्या गल्ली’साठी रांगेत ताटकळतात आणि अल्होंदिगा हे धान्याचं जुनं कोठार बाहेरूनही नीट बघत नाहीत. स्वातंत्र्यलढ्याच्या चार नेत्यांची मुंडकी १८११ पासून दहा वर्षं त्याच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगलेली होती.

साकातेकास महाबळेश्वरापेक्षा हजारभर मीटर उंच आहे, पहिल्या दिवशी चढ चढू नका. दगडी फरसबंदीवर नवे बूट नकोत. प्रार्थना चालू असताना फोटो नकोत. आणि सोमवार संग्रहालयांसाठी ठेवू नका, बहुतेक बंद असतात.