तलावातला झिंगा विकत घेताना

ढाबा, खानावळ नाहीतर मासोळीचं दुकान चालवायचं आणि झिंगा वर्षानुवर्षं मिळत राहावा असं वाटत असेल, तर भाव ठरवण्याआधी एकच विचारा: झिंगा कोणता? पूर्व विदर्भात एकाच नावाखाली तीन वेगळे माल येतात.

पहिला, बीज म्हणजे झिंग्याची बारीक पिल्लं तलावात सोडून वाढवलेला मोठा झिंगा. हा मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, अंड्यावर येतो, पण त्याची पिल्लं तिथं जगत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे त्यांना हजारी 12 ते 15 भाग क्षाराचं खारसर पाणी लागतं. म्हणून बीज दरवर्षी हॅचरीतूनच (बीज तयार करतात तिथूनच) आणावं लागतं, आणि अशा तलावातली अंडीवाली मादी परत पाण्यात टाकून काही साधत नाही. दुसरा, वैनगंगेसारख्या नदीतला मोठा देशी झिंगा. त्याच्याही पिल्लांना खाडीचं पाणी लागतं, वर येताना धरणं आडवी येतात. याची अंडीवाली मादी घ्यायचीच नाही. पोटाखाली अंड्यांचा नारिंगी किंवा राखाडी घोस लगेच दिसतो. तिसरा, बारीक देशी झिंगा. याची पिल्लंही गोड्या पाण्यातच वाढतात, तेव्हा पावसाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, त्याला हात लावू नये. मच्छरदाणीनं धरलेला मालही घेऊ नये, त्यात माशांची पिल्लंही खरडून येतात.

वाढवलेल्या झिंग्यासाठी मच्छीमार सोसायटीच्या सचिवाशी बीज सोडण्याआधीच, जूनमध्ये बोला. एकाच दिवशी सगळ्या तलावात जाळं ओढून माल देऊ नका म्हणा. बीज एकाच दिवशी सोडलं तरी झिंगे सारखे वाढत नाहीत. निळ्या लांब नांग्यांचे नर दांडगाई करून बाकीच्यांना दाबून ठेवतात. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी मोठ्या भोकाच्या जाळ्यानं हे नर काढले, की मागचे बारीक भराभर वाढतात. गंमत अशी, की या नरांत मांस कमी असतं: डोकं आणि नांग्या काढल्या की निम्म्याहून जास्त वजन जातं. तरी आधी तेच घ्या, फक्त भाव त्या हिशेबानं ठरवा. किलोला 20 ते 25 नग बसतात तो माल ताटात चांगला दिसतो. किलोला 40 च्या वर नग भरत असतील तर परत सोडायला सांगा.

थंडी विसरू नका. पाणी 20 अंशांखाली गेलं की झिंगा खाणं कमी करतो, 14 च्या आसपास मरू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये बीज पडलं असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेवटची ओढ व्हावी. जानेवारीची ऑर्डर घेऊ नका.

फवारणीचे दिवसही विचारून घ्या. धानाच्या बांधीत सायपरमेथ्रिनसारखं औषध मारलं आणि मागून जोराचा पाऊस आला, की ते पाणी तलावात उतरतं. मासोळी एकवेळ तगेल, पण झिंगा आधी मरतो. पाळीजवळ मेलेले झिंगे दिसत असतील तर स्वस्तात मिळाला तरी तो माल नको.

सगळ्यात जास्त माल मात्र वाटेतच वाया जातो. या झिंग्याच्या डोक्यातली पाचकद्रव्यं मेल्यावर मांसात उतरतात आणि शेपटी पिठूळ होते. शिजवल्यावर भुगा पडतो आणि ग्राहक शिळा म्हणतो. म्हणून थर्माकोलचा डबा आणि बर्फ तुम्हीच तलावावर पाठवा. जिवंत झिंगा बर्फाच्या पाण्यात बुडवून मारायचा, मग एक किलो झिंग्याला एक किलो फोडलेला बर्फ, थरावर थर. डब्याच्या तळाला भोक ठेवा, वितळलेलं पाणी साचायला नको. दुसऱ्या दिवसापर्यंत विकला जाणार नसेल तर डोकी त्याच दिवशी काढा.

वहीत तलावाचं नाव, ओढल्याची तारीख, किलोचे नग आणि बर्फ किती लागला एवढं लिहा. पिठूळ माल कुठून आला ते दोन खेपांत कळतं.