हार्डवेअरविना स्वस्त ओईएम सॉफ्टवेअर घेताना
विंडोजची ओईएम (म्हणजे मूळ उपकरण निर्मात्यासाठीची) प्रत स्वस्त असते, कारण ती संगणक तयार करणाऱ्याने नव्या यंत्रात बसवून विकावी यासाठी दिलेली असते आणि मायक्रोसॉफ्टच्या परवान्यानुसार ती त्या पहिल्या यंत्राशीच बांधलेली राहते. म्हणून नुसती पंचवीस अक्षरांची ‘की’ (सॉफ्टवेअर सक्रिय करण्याचा संकेतांक) विकणाऱ्याला परवान्याचा प्रकार लेखी विचारावा आणि तो प्रकार नमूद केलेले पक्के बिल मागावे. टाळाटाळ झाल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. की सक्रिय झाली म्हणजे परवाना मिळाला, ही समजूत सर्वाधिक फसवी आहे.

‘हार्डवेअरविना ओईएम प्रत विकणे युरोपात कायदेशीर आहे’ असे विक्रेते सांगतात, ते अर्धे खरे आहे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २००० साली, मायक्रोसॉफ्टच्या संमतीने बाजारात आलेली ओईएम प्रत हार्डवेअरविना विकण्यास मायक्रोसॉफ्टला अडथळा आणता येणार नाही, असे ठरवले. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये कायमस्वरूपी परवान्याच्या डाउनलोड प्रतींनाही हे तत्त्व लागू केले. मात्र पहिल्या मालकाने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे, ही अट घातली.

भारतातील ग्राहकाने या निकालांवर विसंबू नये. येथील कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.