उन्हाळी शिबिर आणि हाईक: स्काऊट-गाईड पथकांनी या चुका टाळा

वसंत ऋतू लागला की पथकाच्या बैठकीत उत्साहाला उधाण येतं. हाईक, मुक्कामी शिबिर, पोहणं, वृक्षारोपण, शेकोटी. सगळं उन्हाळा संपायच्या आत करायचं असतं. मग शिबिरात कुणाला चक्कर येते, कुणाच्या टाचेला फोड येतो, दुपारी मुलं कंटाळून तंबूत लोळत पडतात. अशा तक्रारींचं मूळ शोधत गेलं, तर ते बहुतेक वेळा मैदानावर सापडत नाही. काही आठवडे आधी केलेल्या किंवा करायच्या राहून गेलेल्या नियोजनात सापडतं.

कार्यक्रम फक्त मोठ्यांनी आखणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्काऊटमास्तर किंवा गाईड कॅप्टन सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचं वेळापत्रक तयार करून आणतात आणि मुलांच्या हातात ठेवतात. आखणी नीटनेटकी असते, पण मुलांना त्यात करण्यासारखं काही उरत नाही, फक्त सांगितलेलं ऐकायचं असतं.

ऑगस्ट 1907 मध्ये स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा जेमतेम वीस मुलं होती. तरीही त्यांनी मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला. संघ पद्धती तेव्हापासूनची आहे, आणि शिबिर कंटाळवाणं होत असेल तर पहिला इलाजही तोच.

निदान सहा आठवडे आधी संघनायकांची बैठक घ्या. तारखा, खर्चाची मर्यादा आणि सुरक्षेचे नियम या तीन गोष्टी तुम्ही सांगा. कुठे जायचं, काय करायचं, कोणत्या संघाने स्वयंपाक कधी करायचा हे त्यांना ठरवू द्या. त्यांची योजना तुमच्याइतकी सुबक नसेल. चालेल. एखादा संघ मीठ विसरेल आणि शेजारच्या संघाकडे मागायला जाईल. पुढच्या वेळी यादी तोच संघ सगळ्यात काळजीपूर्वक करेल. तुम्ही लक्ष ठेवायचं ते ज्यात इजा होऊ शकते अशा गोष्टींवर: पाणी, आग, ऊन, उंची.

शिबिर चालू असतानाच मुलं मरगळलेली दिसली, तर नवा खेळ आणण्याआधी एक गोष्ट तपासा: गेल्या तासाभरात प्रत्येकाच्या हाताला काम होतं का? नसेल, तर व्याख्यान थांबवा आणि संघांना दोर, नकाशा किंवा स्वयंपाकाचं साहित्य देऊन मोकळं सोडा.

पहिल्याच वेळी मोठी झेप

घराबाहेर कधीही न राहिलेलं मूल थेट पाच दिवसांच्या शिबिराला नेलं की दुसऱ्या रात्री रडू कोसळतं, आणि दोष मुलाला दिला जातो. चढण हळूहळू ठेवा. आधी अर्ध्या दिवसाची भटकंती, मग दिवसभराची हाईक, मग एका रात्रीचा मुक्काम, आणि शेवटी मोठं शिबिर. वसंत ऋतू त्यासाठीच वापरायचा.

अंतराचा अंदाजही असाच चुकतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हिशेब आजही कामाला येतो: सपाटीवर ताशी साधारण 5 किलोमीटर, आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास जास्त. पण हा हिशेब सराव असलेल्या प्रौढांचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. लहान मुलं आणि पाठीवर पिशव्या असतील तर दीडपट वेळ धरूनच निघा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला की धापा टाकत सगळ्यांना गाठतो आणि त्याच क्षणी बाकीचे विश्रांती संपवून उठतात.

फोडांचं कारण बहुधा नवे बूट आणि ओले सुती मोजे. टाच नुसती गरम लागायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची, हे मुलांना आधी बजावून ठेवा. मागे पडू म्हणून मुलं बोलत नाहीत, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासानंतर तुम्हीच थांबून विचारा.

उन्हाला गृहीत धरणं

उन्हाळा सुरू होताना शरीर उष्णतेला सरावलेलं नसतं. तो सराव व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून उकाड्याच्या पहिल्या दिवसांत मेहनतीचे खेळ ठेवणं धोक्याचं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी धावपळ, दुपारी सावलीत गाठी, नकाशावाचन, प्रथमोपचार. दुपारी बंद तंबूत मुलांना झोपवू नका. उन्हातला तंबू भराभर तापतो. गणवेशाचा अभिमान हवाच, पण कडक उन्हात स्कार्फ काढायची आणि टोपी घालायची परवानगी मागावी लागू नये.

तहान लागेपर्यंत थांबणं ही ठरलेली चूक. प्रत्येक विश्रांतीला सगळ्यांनी थोडं थोडं पाणी प्यायचं असा नियम ठेवा. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. मात्र खूप घाम गेल्यावर नुसतं पाणीच लिटर-लिटर ढोसल्याने रक्तातलं मीठ कमी होऊ शकतं, म्हणून सोबत खाणं किंवा क्षार-साखरेचं पाणी हवं. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलांकडून पाठ करून घ्या. चमचा चहाचा.

डोकेदुखी, मळमळ, पेटके, घामाने डबडबलेलं अंग ही उष्णतेने थकल्याची लक्षणं. मुलाला सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगभर गार पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

पाणी आणि वीज

वसंतात हवा उबदार झाली तरी नदी-तलावाचं पाणी पुष्कळ ठिकाणी थंडच असतं. अचानक थंड पाण्यात पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पट्टीचा पोहणाराही गुदमरतो. मुलांना जोड्यांनी उतरवा, दर दहा मिनिटांनी शिटी वाजवून जोड्या मोजा, आणि काठावर एक मोठा माणूस असा ठेवा ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. फोटो काढण्याचंसुद्धा नाही. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. वाचवायला उडी मारण्याऐवजी आधी काठी पुढे करायची, नाहीतर दोर फेकायचा. त्या दोराच्या टोकाला बोलाईन गाठ, म्हणजे न आवळणारा फास, मारायचा सराव उन्हाळ्याआधी करून घ्या.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जा. तंबू आणि एकटं झाड हे आसरे नव्हेत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. याचा अर्थ शिबिराची जागा पाहायला जाल तेव्हाच असा आसरा कुठे आहे ते शोधून ठेवायचं. त्याच फेरीत तंबूच्या जागेवर वाळक्या फांद्या लोंबत नाहीत ना, ती खोलगट किंवा ओढ्याकाठची नाही ना, हेही बघून घ्या.

शेकोटी

उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं. स्थानिक बंदी असेल तर शेकोटी नाही, हट्ट नको. गाणी आणि नकला कंदिलाभोवतीही रंगतात. पेटवलीच तर विझवताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब जाणवते का पाहा. शेगडी तंबूच्या आत कधीही नाही, पाऊस असला तरी नाही.

औषधं कुलपात ठेवणं

पालकांनी भरून दिलेले आरोग्याचे अर्ज कार्यालयात आणि दम्याचा पंप पेटीच्या तळाशी, असं होऊ देऊ नका. ज्याला पंप किंवा ॲलर्जीचं इंजेक्शन लागतं, त्याचं औषध हाईकवर त्याच्यासोबत किंवा शेजारच्या मोठ्या माणसाच्या खिशात हवं. अर्जांची एक प्रत प्रथमोपचार पेटीत. सोबत किमान दोन मोठी माणसं, म्हणजे एकाला दवाखान्यात जावं लागलं तरी मुलं एकटी पडत नाहीत.

परतल्यावर हात झटकणं

ओले तंबू गुंडाळून ठेवले की काही दिवसांतच त्यांना बुरशी लागते, आणि ते कळतं थेट पुढच्या शिबिरात. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तंबू वाळवायचं काम संघांना वाटून द्या. त्याच वेळी खुंट्या मोजा, तुटलेले दोर बाजूला काढा. मग आठवड्याच्या आत संघनायकांना पुन्हा बसवा आणि काय बदलायचं ते त्यांनाच वहीत लिहू द्या. पुढच्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत ती वही टेबलावर ठेवा.