ऑफिसच्या कामाने लंडनला गेलात तर: उरलेल्या वेळात शहर कसं पाहावं

कामासाठी चार दिवस लंडनला गेलेल्या माणसाच्या हातात खरं तर चार दिवस नसतातच. सकाळचे दोन तास, जेवणाच्या सुट्टीतला पाऊण तास, एखादी मोकळी संध्याकाळ आणि विमानाच्या दिवशीची अर्धी दुपार, एवढंच उरतं. ‘पहिला दिवस, दुसरा दिवस’ अशा पर्यटकांच्या याद्या इथे कामाला येत नाहीत. आधी घड्याळ बघायचं, मग त्या वेळेला उघडं असलेलं ठिकाण शोधायचं.

निघण्यापूर्वी

व्हिसाची काळजी नको. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर बैठका, परिषदा आणि पर्यटन तिन्ही चालतं. अडचण येते ती कंपनीच्या बाजूने. शनिवार-रविवार जोडून राहायचं असेल तर परतीची तारीख तिकीट काढतानाच पुढची घ्या. नंतर बदललीत तर फरकाचे पैसे कोणी भरायचे यावर मेलामेली सुरू होते. जास्तीच्या दिवसांची परवानगी लेखी घ्या. प्रवास विमा त्या दिवसांना लागू आहे का ते पॉलिसीच्या तारखांवरून तपासा, कारण बरेचदा तो कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. हॉटेलला पहिल्याच दिवशी सांगा की अमुक रात्रीपासूनचं बिल वेगळं हवं.

कामाच्या तारखा ठरवण्यात तुमचं काही चालत असेल तर शुक्रवारची संध्याकाळ लंडनमध्येच येईल असं बघा. कारण पुढे येतंच.

कार्ड टॅप करण्याची गोष्ट

भुयारी रेल्वे आणि बससाठी वेगळं तिकीट लागत नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड पिवळ्या गोल रीडरला लावायचं. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ हे दोन्ही पर्याय घरूनच चालू करा. एक चालू आणि एक बंद असलं की गेटवर लाल दिवा लागतो, आणि मागे सकाळच्या गर्दीतली रांग असते.

रेल्वेत चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळेला टॅप करायचं. बसमध्ये फक्त चढताना. बसचं एक भाडं भरलं की पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसऱ्या बसचे पैसे पडत नाहीत. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि हा ‘दिवस’ पहाटे साडेचारला बदलतो. पण मर्यादा मोजली जाते ती एका कार्डाची. प्लास्टिकचं कार्ड आणि तेच कार्ड फोनमध्ये भरलेलं, ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं. सकाळी फोन लावला आणि संध्याकाळी पाकिटातलं कार्ड, तर दोन्हींची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते. आणि चढताना फोन, उतरताना कार्ड लावलं, तर एकाच प्रवासाची दोन अर्धी टोकं उरतात आणि दोन्हींवर कमाल भाडं, म्हणजे अपुऱ्या नोंदीसाठीचं जास्तीचं भाडं लागतं. म्हणून ऑफिसचं आणि स्वतःचं कार्ड एकाच दिवशी मिसळू नका. कामाच्या दिवशी ऑफिसचं, सुट्टीच्या दिवशी आपलं. हिशेब देतानाही तेच सोपं पडतं.

फसगत सर्वांत जास्त होते ती डीएलआरवर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वेवर. पूर्व लंडनमधला ऑफिसांचा भाग कॅनरी व्हार्फ आणि एक्सेल प्रदर्शन केंद्राच्या भागात धावणारी ही छोटी, बहुधा चालकाविना चालणारी गाडी. तिच्या पुष्कळ स्टेशनांवर गेटच नाही, नुसता एका खांबावर रीडर. गेट अडवत नाही म्हणून माणूस टॅप न करता बाहेर पडतो आणि कमाल भाडं कापलं जातं.

सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात भाडंही जास्त आणि गर्दीही. काम साडेपाचला संपलं तर लगेच गाडीत शिरण्यापेक्षा तेवढा वेळ पायी फिरा.

पहाट फुकट मिळालेली आहे

लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक, बाकी हिवाळ्यात साडेपाच तास. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारलाच जाग येते आणि रात्री नऊला डोळे मिटायला लागतात. याच्याशी भांडू नका. नाटकाचं तिकीट पहिल्या रात्रीचं काढू नका, आणि पहाट वापरा. जूनमध्ये पावणेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो. नऊच्या बैठकीआधी चार तास तुमचे.

त्या वेळेला थेम्सच्या दक्षिण काठाने चालण्यासारखं दुसरं काही नाही. टॉवर ब्रिज ते वेस्टमिन्स्टर ब्रिज, साधारण पाच किलोमीटर. न थांबता सव्वा तास, थांबत थांबत पावणेदोन. दिशा महत्त्वाची आहे. बहुतेक नकाशे वेस्टमिन्स्टरपासून सुरुवात करायला सांगतात, पण सकाळी तसं गेलात तर सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि टॉवर ब्रिजची नुसती काळी आकृती दिसते. उलटं चाला. टॉवर हिल स्टेशनला उतरा, १८९४ चा टॉवर ब्रिज ओलांडून दक्षिणेला या आणि नदी उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे निघा. ऊन पाठीवर राहतं. शेवटी वेस्टमिन्स्टरला पोहोचता तेव्हा पार्लमेंटची नदीकडची, म्हणजे पूर्वेकडची, अख्खी बाजू उन्हात असते. तो मधाच्या रंगाचा दगड दुपारनंतर असा दिसत नाही.

वाटेत एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका, सदर्क कॅथीड्रल, ग्लोब नाट्यगृह आणि जुन्या वीजकेंद्रात भरलेलं टेट मॉडर्न कलासंग्रहालय लागतं. समोर सेंट पॉल्स कॅथीड्रलकडे जाणारा मिलेनियम ब्रिज. जून २००० मध्ये उघडल्यावर चालणाऱ्यांच्या पावलांच्या तालाने तो आडवा डोलायला लागला, दोन दिवसांत बंद करावा लागला, आणि कंप शोषणारे डँपर बसवून २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. आता हलत नाही, निदान जाणवण्याइतका तरी नाही. वेळ कमी पडला तर लंडन ब्रिज, ब्लॅकफ्रायर्स किंवा वॉटर्लूला वाट सोडून गाडी पकडता येते. ब्लॅकफ्रायर्स स्टेशनला दक्षिण काठावरूनही दार आहे.

डिसेंबरात हे जमत नाही. सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. तेव्हा हीच वाट संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात करा. मग दिशेचा प्रश्नच नाही.

ऑफिस सिटीमध्ये असेल तर

सिटी म्हणजे लंडनचा जुना, बँका-कंपन्यांचा भाग. तिथल्या बँक, मॉन्युमेंट, लिव्हरपूल स्ट्रीट या स्टेशनांच्या आसपास बैठका असतील तर जेवणाची सुट्टीही कामी येते. १६६६ च्या आगीच्या स्मरणार्थ उभारलेला मॉन्युमेंट खांब २०२ फूट उंच आहे आणि आग लागलेल्या पुडिंग लेनमधल्या बेकरीपासूनही तो तेवढ्याच अंतरावर आहे. आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना, लिफ्ट नाही, आणि त्याच जिन्याने लोक खालीही येत असतात. वर जाऊन परत यायला अर्धा तास धरा. त्यानंतर लगेच प्रेझेंटेशन असेल तर शर्टाचा विचार करा.

वॉलब्रुकवर ब्लूमबर्गच्या इमारतीखाली रोमन काळातलं मिथ्र देवाचं मंदिर आहे. १९५४ मध्ये सापडलं, मग हलवलं गेलं, आणि २०१७ पासून मूळ जागेजवळ, आजच्या रस्त्याच्या सुमारे सात मीटर खाली पाहता येतं. फुकट आहे, सोमवारी बंद, आधी वेळ नोंदवलेली बरी. आणि काहीच करायचं नसेल तर सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट: दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात छप्पर गेलेलं चर्च, आता आत बाग. डबा तिथे खा. पण एक लक्षात असू द्या, शनिवार-रविवारी हा भाग निम्मा झोपलेला असतो. इथलं जे बघायचं ते कामाच्या दिवशीच बघा.

उंचावरून शहर पाहायला महागाचं तिकीट लागत नाही. फेनचर्च स्ट्रीटवरच्या उंच इमारतीच्या माथ्यावरचं स्काय गार्डन आणि २२ बिशप्सगेट या इमारतीच्या ५८ व्या मजल्यावरचं होरायझन २२ दोन्ही फुकट आहेत. अट एकच, आधी नोंदणी. चांगल्या वेळा भराभर जातात, म्हणून मुंबईहून निघण्याआधीच घेऊन ठेवा. दारात विमानतळासारखी तपासणी असते. लॅपटॉपची बॅग असली तर दहा मिनिटं आधी पोहोचा.

शुक्रवारची संध्याकाळ

मोठी संग्रहालयं एरवी पाच-सहाला बंद होतात, म्हणजे तुम्ही सुटायच्या वेळेला. शुक्रवारी मात्र ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं असतं. तिन्हींत कायमस्वरूपी संग्रह फुकट. एका संध्याकाळी तिन्ही करायचा मोह टाळा. उशिराच्या वेळेत काही दालनं बंद असतात, म्हणून जायच्या आधी त्या दिवसाची यादी बघा आणि दोन-तीन दालनंच ठरवा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधलं कास्ट कोर्ट, म्हणजे प्रतिकृतींचं दालन, त्यात नक्की असू द्या: रोमच्या ट्राजन स्तंभाची पूर्ण आकाराची प्रतिकृती छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केली आहे. चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियमला जाऊ नका, आत घेत नाहीत.

बाकी संध्याकाळी? वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स दोन्हीकडे बहुतेक दिवशी पाच वाजता सायंप्रार्थना असते. प्रवेश फुकट. पण ती प्रार्थना आहे: फोटो नाहीत, मधेच उठून फिरणं नाही, आणि अर्धा तास आधी रांगेत उभं राहावं लागतं. ज्याला घाई आहे त्याने जाऊ नये.

टॉवर ऑफ लंडन दिवसा पाहायला तीन तास लागतात, ते कामाच्या दिवशी सोडून द्या. पण तिथला कुलूप लावण्याचा विधी रोज रात्री होतो, आत साडेनऊला घेतात आणि नेमकं दहाला सात मिनिटं कमी असताना विधी सुरू होतो. मोजकी तिकिटं, खूप आधी संपतात, उशिरा आलेल्याला दार उघडत नाहीत. प्रवासाची तारीख कळली की पहिलं काम हेच करा.

कॅनरी व्हार्फहून ग्रिनिच, आणि एक घर

कॅनरी व्हार्फला मुक्काम असेल तर ग्रिनिच हाकेच्या अंतरावर आहे. डीएलआरने थेट कटी सार्कला उतरता येतं, पण एक स्टेशन आधी, आयलंड गार्डन्सला उतरा. तिथून नदीपलीकडे जुन्या नौदल महाविद्यालयाच्या जोडइमारती अगदी समोरासमोर दिसतात. मग १९०२ च्या पादचारी भुयारातून नदीखालून चालत पलीकडे. दोन्ही बाजूंना लिफ्ट आहेत, पण त्या बंद पडण्याबद्दल प्रसिद्ध. शंभरेक पायऱ्यांची तयारी ठेवा. टेकडीवरच्या वेधशाळेला तिकीट आहे आणि ती पाचला बंद होते, मात्र टेकडीवरचं दृश्य फुकट. १८८४ मध्ये जगाने मान्य केलेली शून्य रेखांशाची रेषा आत आखलेली आहे. मोबाइलचा जीपीएस मात्र शून्य दाखवतो तो तिच्या सुमारे शंभर मीटर पूर्वेला, बागेत. फोन बिघडलेला नाही, उपग्रहांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

चॉक फार्म स्टेशनजवळ, १० किंग हेन्रीज रोड इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. आतल्या वेळा आधी विचारून घ्या. बाहेरचा फलक केव्हाही दिसतो, आणि प्रिमरोझ हिल तिथून चालत जवळ आहे. नॉर्दर्न लाइनने जाताना गाडीच्या तोंडावर ‘एजवेअर’ लिहिलेलं बघूनच चढा. ‘हाय बार्नेट’ची गाडी कॅम्डन टाउननंतर दुसरीकडे वळते.

रस्त्यावर नकाशा बघायचा झाला तर फुटपाथच्या कडेला उभे राहू नका. सायकल-मोपेडवरून येऊन हातातला फोन हिसकावणं इथे सर्रास चालतं, आणि तुमच्या फोनमध्ये ऑफिसचं सगळं असतं. भिंतीकडे पाठ करा, किंवा दुकानात शिरून बघा.

शेवटचा दिवस

बैठक दोनला संपली आणि विमान रात्री नऊचं, तर बॅग हॉटेलात ठेवून परत तिकडे जाण्यात वेळ घालवू नका. पॅडिंग्टन स्टेशनवर सामान ठेवण्याची सोय आहे, तिथून हीथ्रो एलिझाबेथ लाइनने अर्ध्या तासावर. बॅग ठेवा आणि दहा मिनिटं चालून केन्सिंग्टन गार्डन्समध्ये शिरा. बागेतून दक्षिणेला गेलात तर अल्बर्ट हॉल आणि पुढे संग्रहालयं. साडेपाचला पॅडिंग्टनवर परत, म्हणजे सहाच्या सुमाराला विमानतळ. २५ डिसेंबरला मात्र असा बेत आखू नका, त्या दिवशी बस-रेल्वे काहीच धावत नाही.

गाडीत चढण्याआधी पाटीवर टर्मिनल वाचा. काही गाड्या ४ ला जातात, काही ५ ला. २ आणि ३ चं स्टेशन एकच आहे आणि ते दोन्हींच्या वाटेवर येतं. चुकीच्या गाडीत बसलात तर तिथेच उतरून पुढची घ्या.